उजवीकडून वारा, सोडलेला टेकऑफ आणि मोडलेले नोजव्हील: एक प्रकरण अभ्यास

विमान सेस्ना १७२ एस, आत वैमानिक आणि एक प्रवासी. पूर्ण थ्रॉटल (इंजिनाची शक्ती) दिल्यावर बाराव्या सेकंदाला वाऱ्याच्या झोताने विमान वेळेआधीच उचलले. दोन सेकंदांनी ते परत चाकांवर आपटले आणि वैमानिकाने टेकऑफ सोडला, म्हणजे उड्डाण रद्द करून थांबायचे ठरवले. त्यानंतरच्या चार सेकंदांत विमान उजवीकडे वळत गेले, डाव्या पंखाचे टोक डांबरावर घासले, विमान धावपट्टीबाहेर गवतात शिरले, नोजव्हील (नाकाखालचे चाक) मागे दुमडले आणि प्रोपेलर जमिनीला लागला. दोघेही स्वतःच्या पायांनी बाहेर आले.

हा कुठल्या एका नोंदवलेल्या अपघाताचा वृत्तांत नाही. हलक्या विमानांच्या अशा अपघातांत जो क्रम पुन्हापुन्हा दिसतो, तो एका प्रसंगात बांधून अभ्यासासाठी मांडला आहे. विमानाचे आकडे १७२ एसच्या हस्तपुस्तिकेतले, बाकीची आकडेमोड साध्या भौतिकशास्त्राची.

असे अपघात वाचताना पहिला वाद हमखास एकच होतो: टेकऑफ सोडायला हवा होता की नको? आमच्या मते या प्रकरणात तो दुय्यम आहे. सोडण्याच्या निर्णयाने विमान मोडलेले नाही. थ्रॉटल मागे घेतल्यावर हातापायांनी जे केले आणि जे करायचे राहिले, त्याने मोडले.

उड्डाणाआधीचे चित्र

धावपट्टी १८, म्हणजे तोंड दक्षिणेकडे. लांबी ९०० मीटर, रुंदी २३ मीटर, डांबरी, कोरडी. टेकऑफचे वजन सुमारे १,०३० किलो. कमाल परवानगी १,१५७ किलोची, म्हणजे विमान बऱ्यापैकी हलके. पुस्तिकेतला पंचावन्न नॉटचा (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) रोटेशनचा, म्हणजे नाक उचलण्याचा वेग आणि फ्लॅप (पंखामागच्या खाली येणाऱ्या झडपा) वर असतानाचा अठ्ठेचाळीस नॉटचा स्टॉल (ज्याखाली पंख विमान पेलत नाहीत तो वेग) हे दोन्ही पूर्ण वजनाचे आकडे आहेत. १,०३० किलोला तोच स्टॉल ४५ नॉटच्या आसपास येतो. हलके विमान लवकर उचलते आणि झोताला जास्त दाद देते. वाऱ्याच्या दिवशी हे सोयीचे नसते.

हवामान अहवालात वारा २२० अंशांवरून १८ नॉट, झोत २८ नॉट, दिशा १९० ते २५० मध्ये फिरती. टेकऑफच्या परवानगीसोबत टॉवरने सांगितलेला वारा २३० अंश, १७ नॉट, झोत २७.

वैमानिकाने हिशेब केला होता. धावपट्टी १८० अंश, वारा २२०, फरक चाळीस अंश. साइन ४० म्हणजे ०.६४, त्याला १८ ने गुणले की आडवा घटक, म्हणजे वाऱ्याचा बाजूने लागणारा भाग, साडेअकरा नॉट. पुस्तिकेत दाखवून दिलेला कमाल आडवा वारा १५ नॉट. साडेतीन नॉट हाताशी आहेत, म्हणजे चालेल.

गणित बरोबर होते, आकडा चुकीचा निवडला होता. विमान सरासरी वाऱ्यातून जात नाही, त्या क्षणी जो वारा असतो त्यातून जाते. त्याच चाळीस अंशांवर २८ नॉटच्या झोताचा आडवा घटक १८ नॉट होतो. टॉवरच्या आकड्याने, म्हणजे पन्नास अंश आणि २७ नॉट धरून, तो २०.७ नॉट. दिशा २५० पर्यंत फिरली तर २८ नॉटच्या झोताचा आडवा घटक २६ नॉटच्या वर जातो, आणि त्या दिशेला झोत नसतानाही तो १७ च्या घरात असतो. अहवालात फिरती दिशा वेगळी लिहिलेली असते ती याचसाठी, आणि घाईत नेमका तोच आकडा वाचायचा राहतो.

इथे एक छोटी गोष्ट. छापील हवामान अहवालातली दिशा भौगोलिक उत्तरेपासून मोजलेली असते. टॉवर सांगतो ती आणि धावपट्टीचा क्रमांक चुंबकीय उत्तरेपासून. चुंबकीय दिक्पात मोठा असलेल्या प्रदेशात या फरकाने आडवा घटक दोन-तीन नॉटने सहज इकडेतिकडे होतो.

१५ नॉट ही १७२ एसची बंधनकारक मर्यादा नाही. प्रमाणपत्रासाठी चाचणी वैमानिकाने तेवढा आडवा वारा दाखवून दिला, इतकाच त्याचा अर्थ. त्यापुढे विमान लगेच हाताबाहेर जाते असे नव्हे. पण ते सांभाळायला त्या चाचणी वैमानिकाइतके पाय चालायला हवेत, आणि आठवड्यातून एकदा, तेही बहुतेक शांत सकाळी उडणाऱ्याचे पाय तसे नसतात.

आणखी दोन गोष्टी विरोधात गेल्या. धावपट्टीच्या सुरुवातीच्या टप्प्यात उजव्या हाताला, सुमारे ९० मीटरवर, आठ मीटर उंचीचे हँगर होते. अशा अडथळ्यामागची घुसळण उंचीच्या दहापट अंतरावर आणि त्यापुढेही जाणवते. विंडसॉक (वारा दाखवणारी कापडी नळी) होता पलीकडच्या टोकाला, मोकळ्यावर. त्याने दाखवलेला वारा आणि पहिल्या १५० मीटरमधला वारा हे दोन वेगळे वारे होते. दुसरी गोष्ट, फ्लॅप दहा अंशांवर होते. ९०० मीटरच्या डांबरी पट्टीवर या वजनाला त्यांची काहीच गरज नव्हती. आडव्या वाऱ्यात लांबीला लागतील तेवढेच कमीत कमी फ्लॅप घ्यावेत, नेहमीपेक्षा थोडा जास्त वेग होऊ द्यावा आणि मग विमान ठामपणे उचलावे, म्हणजे ते सरकत परत खाली बसत नाही, असे पुस्तिकाच सांगते. फ्लॅपने झाले एवढेच की विमान आणखी कमी वेगात हलके पडले.

पहिले बारा सेकंद

सुरुवात चांगली होती. योक (हातातले सुकाणू) पूर्ण उजवीकडे, म्हणजे वाऱ्याकडच्या पंखाचे एलेरॉन (पंखाच्या टोकाकडची, पंख उचलणारी-दाबणारी झडप) वर. थ्रॉटल सावकाश, तीनेक सेकंदांत पूर्ण. विमान मध्यरेषेवर. वेग वाढेल तसे एलेरॉन थोडे-थोडे कमी करायचे असते, कारण हवा जोरात वाहू लागली की तेवढ्याच कोनाचा परिणाम वाढतो. वैमानिकाने मात्र ४० नॉटच्या आत योक जवळजवळ मध्यावर आणला होता. नोजव्हील हलके ठेवायला योक जरासा मागेही ओढलेला होता.

बाराव्या सेकंदाला हवेतला वेग ४६ नॉट आणि जमिनीवरचा ३२. फरक समोरच्या वाऱ्याचा. विमानाने जेमतेम शंभर मीटर कापले होते. तेवढ्यात झोत आला. समोरचा घटक १४ वरून २१ नॉट झाला आणि हवेतला वेग एका क्षणात ४६ वरून ५३ वर गेला. जमिनीवरचा वेग होता तसाच राहिला. काटा ५३ दाखवतो म्हणून त्या सात नॉटची ऊर्जा विमानात आलेली नसते. ती वाऱ्याने उसनी दिलेली असते आणि झोत ओसरला की तो ती परत घेतो.

उजवा पंख आधी उचलला, मग अख्खे विमान. शेपटीच्या उभ्या फिनवर उजवीकडून वारा आदळला आणि नाक उजवीकडे वळले, बारा-पंधरा अंश. हवेत असताना यात गैर काही नाही. आडव्या वाऱ्यात उडणारे विमान नाक वाऱ्याकडे ठेवूनच सरळ जाते. पण इथे एलेरॉन मध्यावर असल्याने उजवा पंख खाली धरलेला नव्हता आणि विमान डावीकडे वाहत होते. दोन सेकंदांत तीनेक मीटर सरकले. झोत ओसरला, काटा ४४ वर आला, स्टॉलचा भोंगा वाजला आणि विमान खाली बसले: मध्यरेषेच्या डावीकडे, नाक उजवीकडे, सरकणे डावीकडे.

थ्रॉटल बंद झाला तो या क्षणी.

पुढचे चार सेकंद

तीन चाकांच्या विमानात गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या पुढे असतो. म्हणून मुख्य चाके तिरकी टेकली तर टायरचे घर्षण गुरुत्वमध्याच्या मागे लागते आणि विमान आपोआप प्रवासाच्या दिशेला वळते. तिरकस उतरलेले १७२ बहुतेक वेळा स्वतःच सावरते ते यामुळे. अट एकच, वजन मुख्य चाकांवर हवे.

वैमानिकाने योक पुढे ढकलला. विमान परत उचलू नये, चाके जमिनीला घट्ट धरावीत, ही सहज होणारी प्रतिक्रिया आहे. परिणाम उलटा झाला. शेपूट वर, नाक खाली, वजन नोजव्हीलवर आणि मुख्य चाके हलकी. आता घर्षणाचा मुख्य बिंदू गुरुत्वमध्याच्या पुढे आला आणि जी रचना विमान सरळ करते तीच ते फिरवू लागली. ओझ्याची एकचाकी गाडी दांडे वर उचलून जोरात ढकलली की चाकाभोवती गर्रकन फिरते, तसा हा प्रकार. त्यात १७२च्या नोजव्हीलचा स्वभाव लक्षात घ्यावा लागतो. शॉक स्ट्रट, म्हणजे चाकावरचा धक्के शोषणारा दांडा, पूर्ण लांबला की चाक मध्यावर बसते आणि पेडलला दाद देत नाही. स्ट्रट दबला की स्टिअरिंग पुन्हा जोडले जाते आणि चाक त्या क्षणी पेडल जिकडे असेल तिकडे वळते.

पेडल कुठे होते? वाऱ्याने नाक उजवीकडे ढकलल्यावर डावा पाय पुढे गेला होता, आणि ते योग्यच होते. मग ब्रेक. १७२चे ब्रेक पेडलांच्या वरच्या भागात असतात. टाच जमिनीवर ठेवून पेडलाच्या खालच्या भागाने रडर (शेपटीवरची, नाक डावी-उजवीकडे वळवणारी झडप) चालवायचा आणि ब्रेकसाठी पाऊल वर सरकवायचे. घाबरलेला माणूस दोन्ही पाय एकदम ताणतो. दोन्ही पाय सारखे ताणले गेले की पेडले समपातळीत येतात. म्हणजे ब्रेक लागताक्षणी डावा रडर निघून गेला, आणि त्याची गरज सर्वांत जास्त याच क्षणी होती. ब्रेकने आणखी वजन पुढे फेकले. चाकांच्या पुढे-मागे अंतर १.६५ मीटर आणि गुरुत्वमध्य जमिनीपासून मीटरभराच्या वर, त्यामुळे ०.४ जीच्या (जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाचे त्वरण) मंदावण्याला विमानाच्या वजनाचा साधारण चौथा हिस्सा मुख्य चाकांवरून नोजव्हीलवर जातो.

हातांचे काय झाले तेही पाहू. नाक उजवीकडे जाताना दिसल्यावर वैमानिकाने योक डावीकडे फिरवला. गाडीचे स्टिअरिंग फिरवावे तसा. जमिनीवर योकने विमान वळत नाही हे पहिल्या धड्यात शिकवतात, पण भीतीच्या क्षणी वर्षानुवर्षांचे ड्रायव्हिंग पुढे येते. योक डावीकडे म्हणजे डावे एलेरॉन वर आणि उजवे खाली. वाऱ्याकडचा उजवा पंख, जो दाबून धरायचा, तोच आणखी उचलला गेला. शिवाय खाली गेलेल्या उजव्या एलेरॉनचा ड्रॅग (हवेचा अडथळा) जास्त, म्हणून त्याने नाक आणखी उजवीकडे ओढले. याउलट योक पूर्ण उजवीकडे असता तर पंख दबला असता आणि डाव्या एलेरॉनच्या ड्रॅगने नाक डावीकडे यायला मदत झाली असती.

जमिनीवरचा वेग तेव्हा सुमारे १७ मीटर प्रतिसेकंद होता. पंधरा अंश तिरके जाणारे विमान या वेगाने आडवे ४.४ मीटर प्रतिसेकंद सरकते. मध्यरेषेपासून कडेपर्यंत चाकाला मिळतात दहा मीटर, म्हणजे सव्वादोन सेकंद. इथे विमान डाव्या बाजूने निघाले होते म्हणून सेकंदभर जास्त मिळाला.

वळण आवळत गेले. ५० मीटर त्रिज्येच्या वळणात १७ मीटर प्रतिसेकंदाला बाजूचा जोर ०.६ जीच्या जवळ जातो. मुख्य चाकांमधले अंतर २.५५ मीटर आहे, पण तीन चाकांचे विमान एका बाजूला उलटताना नोजव्हील आणि त्या बाजूचे मुख्य चाक जोडणाऱ्या रेषेवरून उलटते. गुरुत्वमध्यापासून त्या रेषेचे लंब अंतर साधारण ०.८ मीटरच भरते. मीटरभर उंच गुरुत्वमध्य, ०.८ मीटरचा आधार आणि वर ११ मीटरचा पंख, ज्याच्या उजव्या अर्ध्याखालून वारा घुसतोय. उजवीकडच्या वळणाचा जोर विमान डावीकडे कलवतो, उजवा पंख उचलणारा वाराही डावीकडेच कलवतो. दोघांनी मिळून डाव्या पंखाचे टोक डांबराला लावले.

उजवीकडचा वारा फसवा का

अमेरिकन आणि युरोपीय बनावटीच्या बहुतेक छोट्या विमानांत इंजिन वैमानिकाच्या बाजूने पाहता घड्याळाच्या दिशेने फिरते. पूर्ण शक्तीला प्रोपेलरचा गोल फिरणारा प्रवाह शेपटीवर डावीकडून आदळतो, टॉर्क (इंजिनाच्या फिरण्याची उलटी पिळवट) डाव्या चाकावर भार टाकतो, आणि नाक थोडे वर असले की उजवीकडच्या पात्याचा ओढा वाढतो. सगळ्यांचा परिणाम एकच, नाक डावीकडे. म्हणूनच टेकऑफला उजवा पाय द्या, हे प्रशिक्षक जीव तोडून सांगतात.

वारा डावीकडून असेल तर तोही नाक डावीकडेच वळवतो. दोन्ही जोर एका बाजूला, उजवा पाय चांगलाच दाबावा लागतो, आणि आज वारा जड आहे हे वैमानिकाला पायातच कळते.

वारा उजवीकडून असेल तर तो नाक उजवीकडे आणि इंजिन डावीकडे. दोघे एकमेकांना खातात. पेडले जवळजवळ मध्यावर, विमान सरळ, सगळे कसे हलके. या प्रकरणातले पहिले बारा सेकंद असेच गेले. वारा कमी नव्हता. इंजिन त्याला तोलून धरत होते.

मग थ्रॉटल एका झटक्यात बंद होतो. इंजिनाचा डावीकडचा ओढा अर्ध्या सेकंदात जातो, वाऱ्याचा उजवीकडचा तसाच राहतो. त्याच अर्ध्या सेकंदात शेपटीवरचा प्रोपेलरचा प्रवाहही नाहीसा होतो, म्हणजे रडरची ताकदही घटते. रडरचा जोर त्यावरून जाणाऱ्या हवेच्या वेगाच्या वर्गाने बदलतो. वाऱ्याने नाक वळवण्याचा जोर मात्र साधारण विमानाचा वेग आणि आडवा वारा यांच्या गुणाकाराइतका. वेग निम्मा झाला तर रडरचा जोर चौथाईवर येतो आणि वाऱ्याचा अर्ध्यावर. विमान थांबत जाते तसतसे हे गणित वैमानिकाच्या विरुद्ध होत जाते. टेकऑफला उलट असते, प्रत्येक सेकंद नियंत्रण सुधारत नेतो. त्यामुळे आडव्या वाऱ्यातला टेकऑफ जमतो म्हणून तो सोडणेही जमेल, असे गृहीत धरता येत नाही. उजव्या वाऱ्यात थ्रॉटल मागे घेताना डावा पाय त्याच्यासोबतच पुढे जायला हवा. नाक वळलेले दिसल्यावर दिलेला पाय उशिरा पोचतो.

डाव्या वाऱ्यात हेच उलट दिसते. दाबून धरलेला उजवा पाय थ्रॉटल बंद केल्यावर क्षणभर जास्त ठरतो, नाक उजवीकडे झटका खाते, वैमानिक घाईने डावा पाय देतो आणि मग वारा त्याच दिशेने साथ देतो. मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना नागमोडी खुणा दिसल्या की हे ओळखावे.

खुणा काय सांगतात

डांबरावर आधी दोन्ही मुख्य चाकांचे आखूड, तिरके ठसे, मध्यरेषेच्या डावीकडे. ते विमान खाली बसल्याचे. त्यानंतर मुख्य चाकांच्या खुणा फिक्या होतात आणि मधली, नोजव्हीलची, काळी आणि ठळक होते. वजन पुढे गेल्याचा याहून स्पष्ट पुरावा नसतो. ठशात आडव्या बारीक रेघा असतील तर चाक फिरत असताना बाजूला घासले. रेघा लांबीच्या दिशेने असतील तर ब्रेकने जाम झाले होते. पुढे पांढरी फायबरची पूड आणि रंगाचा ओरखडा, तो पंखाच्या टोकाचा.

गवतात प्रोपेलरचे वार मोजावेत. आयडलला, म्हणजे थ्रॉटल बंद असताना, मिनिटाला ९०० फेरे धरले तर सेकंदाला पंधरा फेरे, दोन पाती म्हणजे तीस वार. दोन वारांमध्ये २७ सेंटिमीटर अंतर असेल तर वेग आठ मीटर प्रतिसेकंद, सुमारे १६ नॉट. पाती मागे वाकलेली आणि टोकांना पीळ नसलेली असतील तर इंजिन कमी शक्तीवर होते. शक्ती चालू असती तर टोके पुढे वळली असती किंवा पात्यांना इंग्रजी एससारखा पीळ पडला असता. थ्रॉटल नक्की बंद होता का, हा प्रश्न इथे मिटतो. विमानात गार्मिन जी१००० (पडद्यांवरची उपकरणप्रणाली) असेल आणि त्यात नोंद ठेवणारे एसडी कार्ड असेल, तर दर सेकंदाचा हवेतला वेग, जमिनीवरचा वेग, नाकाची दिशा आणि इंजिनाचे फेरे मिळतात. ते कार्ड विजेचा पुरवठा पुन्हा सुरू करण्याआधी काढून ठेवावे.

यांत्रिक बिघाड नव्हता हेही तपासूनच म्हणायचे असते: रडरच्या केबल, नोजव्हील स्टिअरिंगचे बंजी, शिमी डॅम्पर (चाकाची थरथर रोखणारा भाग), दोन्ही ब्रेकची कॅलिपर आणि डिस्क, टायरचा दाब. आणि सीट. सेस्नाची सीट रुळावरून मागे घसरली की वैमानिकाचा हात योकसकट मागे जातो आणि पाय पेडलावरून सुटतात. या रुळांच्या झिजेच्या तपासणीसाठी २०११ चा एअरवर्दीनेस डायरेक्टिव्ह (नियामकाचा बंधनकारक सुरक्षा आदेश) २०११-१०-०९ आहे. वेळेआधी उचललेल्या विमानाच्या चौकशीत सीटची पिन भोकात बसलेली होती का, हे सर्वांत आधी पाहावे, कारण विमान हलवताना कोणीतरी सीट सरकवतोच.

नुकसान आणि दुरुस्ती

बाहेरून दिसते ते फसवे असते. नोजव्हीलचा फोर्क वाकला, स्ट्रट मागे गेला, डाव्या पंखाची टोपी फुटली, एक पाते वाकले. मालकाला हे चार सुटे भाग वाटतात. पण १७२चा पुढचा स्ट्रट फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याच्या) खालच्या भागावर बसवलेला असतो. तो मागे ढकलला गेला की फायरवॉलच्या पत्र्याला सुरकुत्या पडतात, त्याच्या कडेचे रिव्हेट ओढले जातात, कधी इंजिन माउंटच्या नळ्याही वाकतात. पेडलांच्या मागे टॉर्च घेऊन आडवे झोपून पाहिल्याशिवाय हे दिसत नाही. रडर जाम लागतो किंवा डाव्या-उजव्या पेडलाचा प्रवास असमान वाटतो, ही आतल्या वाकण्याची पहिली खूण. पंखाच्या टोकाला बसलेला मार स्पारपर्यंत, म्हणजे पंखाच्या मुख्य तुळईपर्यंत, पोचतो. म्हणून तपासणीची झाकणे उघडून स्पारचे जोड, पंखाच्या आधारदांड्याचे (स्ट्रटचे) बोल्ट आणि एलेरॉनच्या बिजागऱ्या पाहाव्या लागतात.

इंजिनाचा मुद्दा वादाचा ठरतो, कारण खर्च मोठा. ते आयडलवर होते, जमीन मऊ होती, मग उघडायचे कशाला, असे म्हटले जाते. इंजिन बनवणाऱ्या लायकमिंगची व्याख्या तशी सूट देत नाही. चालू इंजिनाचा प्रोपेलर घन वस्तूला लागून फेरे घसरले, किंवा प्रोपेलरला किरकोळ घासकामापलीकडची दुरुस्ती लागली, तर तो प्रॉप स्ट्राइक. अशा इंजिनांसाठी अमेरिकेचा डायरेक्टिव्ह २००४-१०-१४ क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकाचा गिअर, त्याची अलाइनमेंट डॉवेल, बोल्ट आणि खाच यांची तपासणी मागतो. त्या एका बोल्टावर कॅमशाफ्ट (इंजिनाच्या झडपा उघडणारा दांडा) आणि मॅग्नेटो (ठिणगीसाठी वीज देणारे यंत्र) दोन्ही अवलंबून असतात. तो सैल झाला तर इंजिन हवेत, कसलीही पूर्वसूचना न देता बंद पडते.

वर्गीकरणही इथेच ठरते. इकाओच्या (आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या) अ‍ॅनेक्स १३ प्रमाणे नुकसान एका इंजिनापुरते, प्रोपेलर, पंखाचे टोक, टायर, ब्रेक एवढ्यापुरते असेल तर ती घटना धरली जाते. फायरवॉल किंवा स्पारच्या मजबुतीला धक्का बसला आणि मोठी दुरुस्ती लागली की तो अपघात. म्हणून आत डोकावण्याआधी केवळ घटना म्हणून कळवून मोकळे होणे अंगाशी येऊ शकते. विमान हलवण्यापूर्वी परवानगी घ्यावी आणि फोटो काढावेत. आपत्कालीन बीकन आपोआप सुरू झालेला नाही ना, हे १२१.५ मेगाहर्ट्झवर ऐकून घ्यावे.

काय करता आले असते

सर्वांत स्वस्त उपाय धावपट्टीवर येण्याआधीचा. झोताच्या आकड्यावर आडवा घटक काढायचा, दिशा फिरती असेल तर वाईट टोक धरायचे, आणि उत्तर १५ च्या वर गेले तर दुसरी धावपट्टी किंवा थांबणे. मनातल्या मनात करायचे तर तीस अंशांना वाऱ्याचा निम्मा, पंचेचाळीसला सत्तर टक्के, साठच्या पुढे सगळाच आडवा धरावा.

निघालेच तर फ्लॅप शून्य. रोटेशनच्या वेगात झोताच्या फरकाचा निम्मा मिळवायचा. इथे फरक दहा नॉट, म्हणजे ५५ ऐवजी ६०. तोवर विमान उडू द्यायचे नाही, पण नोजव्हीलवर दाबूनही धरायचे नाही. योक पुढे-मागे जवळपास मध्यावर, एलेरॉन वाऱ्यात, आणि उजवा पंख हलका वाटला की एलेरॉन आणखी.

विमान उचललेच आणि खाली बसू लागले, तर आमचे मत स्पष्ट आहे. चाके हवेत आणि नाक तिरके असताना थ्रॉटल बंद करू नये. समोर ८०० मीटर पट्टी होती. पूर्ण शक्ती तशीच ठेवून नाक समतल, उजवा पंख थोडा खाली, डाव्या पायाने नाक पट्टीच्या रेषेत. एवढे झाले की जमिनीलगत वेग घेऊन जाता येते, किंवा आधी नीट टेकून मग थांबता येते. थांबायलाही जागा भरपूर होती. शांत हवेत पूर्ण वजनाच्या १७२ एसला उतरल्यानंतर थांबायला १७५ मीटरच लागतात. पण चाके जमिनीवर आहेत आणि विमान कडेकडे निघाले आहे, रडर पुरत नाही, तर थ्रॉटल तत्काळ बंद. तिथे शक्ती वाढवून निसटायला गेलेली विमाने झुडपांत आणि हँगरवर गेली आहेत.

बंद करायचा तर क्रम असा: थ्रॉटल मागे आणि त्याच हालचालीत डावा पाय, योक पूर्ण उजवीकडे आणि मध्यापासून किंचित मागे. फ्लॅप वर, म्हणजे वजन चाकांवर येते. ब्रेक शेवटी, नाक सरळ झाल्यावर. त्याआधी लागलाच तर फक्त डावा, टोचून-टोचून. विमान पूर्ण थांबेपर्यंत, किंबहुना बांधेपर्यंत, एलेरॉन वाऱ्यातच. मग मिक्स्चर (इंधन-हवेचे मिश्रण) बंद, इंधन बंद, मॅग्नेटो, मास्टर, आणि बाहेर.

याचा सराव बहुतेक ठिकाणी होतो तो शांत हवेत, रिकाम्या धावपट्टीवर, आधी सांगून. त्यातून ब्रेक कळतात, बाकी काही नाही. प्रशिक्षकाने उजवीकडून आठ-दहा नॉटचा स्थिर आडवा वारा असलेला दिवस निवडावा, पूर्ण शक्तीवर तीस नॉटपर्यंत जावे आणि न सांगता थ्रॉटल मागे घ्यावा. तीसच्या वर जायची गरज नाही. या वेगाला नाक किती झपकन उजवीकडे येते हे विद्यार्थ्याला एकदा पायांनी कळले पाहिजे. मग तोच प्रयोग डावीकडच्या वाऱ्यात करावा आणि पायांतला फरक त्याच्याच तोंडून वदवून घ्यावा. प्रशिक्षकाने या सगळ्यात विद्यार्थ्याच्या हातांवर नजर ठेवावी. योक गाडीसारखा फिरतो आहे का, ते पहिल्या दोन-तीन वेळांतच दिसते.